तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, शोषखड्डा तुंबतो

दिवाळीत चकल्या-शेव तळून झाल्या की कढईतलं काळपट तेल बऱ्याच घरांत थेट मोरीत जातं. गरम असताना ते वाहून गेल्यासारखं वाटतं. पण गार झालं की पाइपाला चिकटतं, शोषखड्ड्यात मातीची छिद्रं बुजवतं. मग पाणी मुरत नाही, अंगणात डबकं साचतं, डास होतात. खड्डा पुन्हा उकरायचा खर्च वेगळाच.

आधी तेल पूर्ण गार होऊ द्यावं. थोडंच असेल तर गार राखेत किंवा वाळूत जिरवून कचऱ्यात टाकावं. चुलीत ओतू नये, भडका उडतो. कढई कागदाने पुसून मगच घासावी. जास्त तेल घट्ट झाकणाच्या डब्यात साठवावं. अशा तेलापासून बायोडिझेल बनतं, त्यासाठी ते विकत घेणारे असतात. हॉटेल, वडापाववाल्यांना तर २०१८ पासून नियमच आहे: तेल खराब झाल्याचं मोजमाप, म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड’, २५ टक्क्यांवर गेलं की त्यात तळायचं नाही.