रिकामा खण

कपाटासारखे ज्ञानालाही खण पाडावे लागतात. लिनियसनं १७५८मध्ये देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं. ग्रंथालयांसाठी ड्यूईनं १८७६मध्ये केलेल्या वर्गीकरणात धर्माच्या दहा खणांपैकी सात बायबल व ख्रिस्ती धर्माला मिळाले. जगातले बाकीचे सारे धर्म २९० या एकाच खणात कोंबले गेले. आपल्या रंगनाथनांनी १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, विषयाचे पैलू सुटे करून जोडण्याची सोय केली.

मला मात्र मेंदेलीव्ह आठवतो. १८६९मध्ये मूलद्रव्यांचा तक्ता करताना त्यानं न सापडलेल्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या. १८७५मध्ये गॅलियम सापडलं आणि अशाच एका जागी चपखल बसलं.

माणसांचे खण पाडतानाही एखादी जागा मोकळी ठेवावी. कुणी आपल्या खणात मावला नाही, तर चूक खणाची असते.