नातवाचा खेळ आणि अष्टप्रधान

दिवाळीच्या सुटीत नातू आर्णीस आला, तो फाशांचा एक परदेशी खेळ घेऊन. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळात आरंभी योद्धा, मांत्रिक नि पुरोहित असे तीनच वर्ग होते. पुढे एकाच पात्राला दोन वर्ग घेता येऊ लागले. मात्र अनुभवाचे गुण दोहोंत विभागायचे. म्हणजे प्रगती सावकाश!

मला त्याआधी बरोबर तीनशे वर्षांचा, १६७४ चा राज्याभिषेक आठवला. अष्टप्रधानांपैकी पंडितराव व न्यायाधीश सोडून बाकी सहाही जणांना प्रसंगी रणात उतरावे लागे. राज्य नवे, शत्रू चहूंकडे. नुसती लेखणी कशी परवडावी? मोरोपंत पिंगळे पेशवे खरे, पण १६७२ मध्ये साल्हेरला फौज घेऊन लढले.

नातू म्हणाला, "आजोबा, मग त्यांचे गुण कसे विभागायचे?"