चार-दोन बाइटांचा वाद : लिनक्स कर्नलच्या इतिहासातील एक प्रकरण

१/ लिनक्स कर्नलमधील बदलांच्या नोंदी चाळताना एक साचा वारंवार आढळतो. एखाद्या ड्रायव्हरमध्ये एका ओळीचा बदल, खाली 'आधी' आणि 'नंतर' असे दोन आकडे आणि त्यांत वीस-चाळीस बाइटांचा फरक. खिशातल्या फोनमध्येही गिगाबाइटांनी स्मृती असताना ही काटकसर कशासाठी? कर्नल लिहिणाऱ्यांतही यावर मतभेद आहेत आणि त्यांना इतिहास आहे.

२/ १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या ३८६ संगणकात ४ मेगाबाइट स्मृती होती. पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची. काटकसर तेव्हा गरज होती. पुढे ड्रायव्हर वाढत गेले आणि नवीच भिंत आडवी आली : जुन्या 'झेडइमेज' पद्धतीत दाबून लहान केलेले कर्नल पहिल्या ६४० किलोबाइटांच्या आतच उतरवावे लागे, त्यामुळे त्याची मर्यादा सुमारे ५१२ किलोबाइट. 'बीझेडइमेज'ने ते १ मेगाबाइटच्या वर उतरवून ही भिंत ओलांडली. हवा तेवढाच ड्रायव्हर आयत्या वेळी जोडण्याची मॉड्यूल-व्यवस्थाही त्याच दशकातली.

३/ या काळातली सर्वांत देखणी युक्ती म्हणजे 'इनिट' ही खूण. ड्रायव्हरचा जो भाग केवळ आरंभी एकदाच चालतो, तो वेगळ्या कप्प्यात ठेवायचा आणि काम झाले की ती जागा मोकळी करायची. संगणक सुरू होताना न वापरलेली स्मृती मुक्त केल्याचा जो संदेश सरकत जातो, तो याचाच.

४/ २००३ मध्ये मॅट मॅकॉलने 'लिनक्स-टायनी' हा प्रकल्प मांडला. लहान यंत्रांसाठी कर्नल पुन्हा सडपातळ करणे हा त्याचा हेतू. त्याचीच 'ब्लोट-ओ-मीटर' ही छोटी स्क्रिप्ट दोन बांधण्यांची तुलना करून कोणते फंक्शन किती बाइटांनी वाढले वा घटले ते दाखवते. माझ्या मते वादाला खरी धार या मोजपट्टीने आली. मोजणे सोपे झाले की मोजता येण्याजोग्या गोष्टींचा मोह वाढतोच.

५/ वाचतात ते बाइट कुठे? फंक्शनच्या आत साधी सारणी लिहिली, तर प्रत्येक वेळी ती स्टॅकवर भरण्याच्या सूचना कंपायलर निर्माण करतो. तीच 'स्टॅटिक कॉन्स्ट' केली की ती एकदाच, केवळ वाचण्याच्या कप्प्यात बसते. सूचना गळतात आणि आकार घटतो.

६/ विरोधकांचा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. स्मृती पानांच्या हिशेबाने दिली जाते. एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे. मॉड्यूल चाळीस बाइटांनी घटले, तरी बहुतेक वेळा पाने तितकीच लागतात. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण त्यासाठी तळे एक असावे लागते. कर्नलचा निम्म्याहून अधिक कोड ड्रायव्हरांचा असला, तरी एका यंत्रात त्यांतले मूठभरच चढतात. शिवाय ते जुने उपकरण बदल करणाऱ्याच्या हाती असेलच असे नाही. न तपासलेल्या बदलाने ते बंद पडले, तर वाचलेले बाइट काय कामाचे?

७/ तथापि बचत कुठे होते, याने उत्तर बदलते. हेडरमधील इनलाइन फंक्शन जिथे जिथे वापरले जाते, तिथे तिथे त्याची प्रत उतरते. तेथील वीस बाइट हजारो ठिकाणी गुणले जातात. २००९ मध्ये पोर्टलंडच्या लिनक्सकॉनमध्ये कर्नल फुगले आहे, अशी कबुली खुद्द टोरवाल्ड्सनेच दिली. त्याची चिंता प्रोसेसरच्या सूचना-कॅशची होती, आणि ती तर आजही किलोबाइटांतच मोजली जाते. 'कॉन्स्ट'चाही मोठा लाभ आकारात नाही : ड्रायव्हरमधील फंक्शन-पॉइंटरांच्या सारण्या केवळ-वाचनीय झाल्या की घुसखोराला त्या सहजी बदलता येत नाहीत. असा बदल एक बाइट न वाचवताही स्वीकारावा.

८/ मॅकॉलचाच 'स्लॉब' हा चिमुकला स्मृतिवाटपकार २००६ मध्ये २.६.१६ आवृत्तीतून कर्नलमध्ये आला. तो जागा वाचवी, पण एकाच कामासाठी आणखी एक स्वतंत्र व्यवस्था सांभाळण्याचा भार देखभाल करणाऱ्यांवर राहिला. २०२३ च्या ६.४ आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. लहान यंत्रांसाठी आता 'स्लब' या मुख्य व्यवस्थेतच एक आटोपशीर पर्याय आहे. 'ब्लोट-ओ-मीटर' मात्र कर्नलच्या स्क्रिप्टांमध्ये टिकून आहे.