फोर्कमधले तेल



मोटारसायकलीच्या स्पर्धा म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. परंतु या वाहनाची एक स्पर्धा अशी आहे, की तीत वेगाला फारशी किंमत नाही. ब्रिटनमध्ये ती वाढली आणि तेथे तिला ट्रायल, म्हणजे कसोटी, असे सार्थ नाव मिळाले. ओढ्यातल्या शेवाळी दगडांवरून, झाडांच्या मुळ्यांवरून, निसरड्या चढणीवरून माणसाच्या चालीने गाडी न्यायची आणि पाय भुईला लागू द्यायचा नाही, हा तिचा नियम. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, गाडी अडली तर पाच. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात १९०९ साली जिची मुहूर्तमेढ रोवली गेली, ती सहा दिवसांची कसोटी या प्रकारात विशेष नामांकित आहे.

या कसोटीच्या इतिहासात विजेत्यांची नावे नोंदलेली आहेत, त्यांच्या गाड्यांचीही आहेत. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, ते मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या नळ्यांना फोर्क म्हणतात. त्या नळ्यांत असलेले पेलाभर तेल हा आजचा विषय.

धक्का सोसायला स्प्रिंग पुरेशी आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः स्प्रिंग धक्का जिरवीत नाही. ती तो साठवते आणि पुढच्याच क्षणी परत करते. दगड मागे पडला तरी चाक खालीवर नाचत राहते, आणि जे चाक जमिनीला धड टेकलेले नाही, त्याला वळण देता येत नाही. स्वाराचा तोल जातो तो नेमका तेथे.

अल्फ्रेड स्कॉट या इंग्रज अभियंत्याने १९०८ सालीच एका नळीत दुसरी नळी सरकणारा, दुर्बिणीच्या धर्तीचा फोर्क आपल्या गाडीला बसवला होता. कल्पना पुढच्या काळाची होती. पण स्प्रिंगला आवर घालणारे तेल तीत नव्हते. त्यानंतर पाव शतकभर बहुतेक गाड्यांवर लोखंडी दांड्यांच्या सांगाड्याचा, बिजागरीवर हलणारा फोर्कच राहिला. त्याचे हेलकावे थोपवण्यासाठी घर्षणाच्या चकत्या वापरीत, आणि त्या हाताने आवळाव्या लागत. या उपायात मूळचाच एक दोष होता. कोरडे घर्षण आरंभीच अडून बसते, आणि हालचाल जोराची झाली म्हणून त्याचा विरोध वाढत नाही. त्यामुळे बारीक खडीचा कंप हातांत येई, आणि मोठ्या धक्क्याच्या वेळी चकत्या तोकड्या पडत.

तेलाचा स्वभाव नेमका उलटा. बारीक छिद्रातून हळू जाऊ दिले तर ते निमूटपणे जाते. जोराने ढकलले तर जोराने आडवे येते. धक्क्याची शक्ती त्या झगड्यात खर्ची पडते, तिची उष्णता होते आणि ती हवेत विरून जाते. हे तत्त्व दुर्बिणीच्या धर्तीच्या फोर्कमध्ये आणून तो विक्रीच्या गाडीवर बसवण्याचा मान जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्याकडे जातो. ते साल १९३५. महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, ब्रिटनच्या मॅचलेस कंपनीने लष्करी गाडीला अशाच धर्तीचा फोर्क दिला.

युद्ध संपताच तो कसोटीच्या रानात उतरला. मॅचलेसच्या घरातल्याच एजेएस गाडीवर ह्यू व्हायनी याने १९४७, १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ तीन वर्षे स्कॉटलंडची कसोटी जिंकली. पुढे १९५२ आणि १९५७ साली जॉनी ब्रिटन विजयी झाला, तो रॉयल एनफिल्डच्या बुलेटवर. हे नाव आपल्याला परके नाही. १९५५ साली मद्रासला या गाडीचे काम सुरू झाले. आपल्या घाटांत आणि खडीच्या रस्त्यांवर जी बुलेट धावली, तिच्या फोर्कमध्येही हेच तत्त्व राबत होते. १९६५ साली सॅमी मिलर याने स्पेनच्या बुल्टाको गाडीवर विजय मिळवला आणि अवजड ब्रिटिश गाड्यांची सद्दी ओसरू लागली. इंजिनाचा प्रकार पालटला, गाडी हलकी झाली. फोर्कमधले तेल मात्र राहिले.

तथापि या सोयीची एक किंमत आहे. चकत्या सैल पडल्या की स्वाराच्या हाताला ते कळे, आणि तो त्या आवळी. तेल मात्र मुक्याने बिघडते. सरकणाऱ्या नळ्यांच्या झिजेची धूळ त्यात मिसळते, ओढे ओलांडताना सीलमधून पाणी शिरते, आणि अखंड ढवळले गेल्याने त्याचा दाटपणा उतरतो. हे सारे इतके सावकाश घडते, की स्वार नकळत बिघडलेल्या गाडीशी जुळवून घेतो. पाय वारंवार टेकू लागले की आपलीच नजर मंदावली, आपलेच वय झाले, असे त्याला वाटू लागते. अपराध तेलाचा, आणि शिक्षा आत्मविश्वासाला!

उपाय साधा आहे. पुढचे चाक अधांतरी ठेवून स्प्रिंगवरचा भार उतरवायचा. नाही तर वरचे झाकण सुटताच स्प्रिंग उसळते. जुन्या गाड्यांत नळीच्या तळाशी एक स्क्रू असतो. तो काढून, फोर्क खालीवर दाबून, करडे पडलेले तेल शेवटच्या थेंबापर्यंत गाळायचे. मग निर्मात्याने सांगितलेल्या दाटपणाचे तेल दोन्ही नळ्यांत सारख्या मापाने भरायचे. मापाचे महत्त्व असे, की तेलावर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. तेल जास्त झाले तर हवेला जागा कमी पडते आणि फोर्क ताठरतो.

हे काम उरकून स्वार पुन्हा त्याच ओढ्यात उतरतो. दगड तेच, पाणी तेच, हातही तेच. पण चाक आता जमीन सोडत नाही. ज्याला तो आपला उतार समजत होता, ते पेलाभर जुने तेल होते. स्वतःला दोष देण्यापूर्वी यंत्राच्या आत एकदा डोकावून पाहावे, एवढा शहाणपणा या लहानशा इतिहासाने आपल्याला दिला तरी पुष्कळ झाले.