डिकीतला हॅलोविन : चर्चच्या अंगणात परतलेला सण

१/ ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. अमेरिकेतील एखाद्या चर्चचे वाहनतळ. ओळीने उभ्या मोटारींच्या डिक्या उघड्या. कुठे नोहाचे तारू सजवलेले, कुठे योनाचा मासा. सिंहाचा पोशाख केलेले चार वर्षांचे मूल आईचे बोट धरून एकेका डिकीपुढे खाऊ मागत जाते. यास म्हणतात ‘ट्रंक ऑर ट्रीट’. चर्चला हॅलोविनचा पर्याय का शोधावा लागला, त्याचा हा इतिहास.

२/ मुळात हॅलोविन हे नावच चर्चचे. ‘ऑल हॅलोज ईव्ह’ म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबरचा हा सण नवव्या शतकात पश्चिम युरोपात रूढ झाला. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी थडग्यांवर मेणबत्त्या उजळतात, ती याच परंपरेतून. आयर्लंडमध्ये ‘साविन’ हा हिवाळ्याच्या आरंभाचा प्राचीन सणही याच सुमारास येई.

३/ दारोदार फिरण्याची चालही या स्मरणाशी जोडलेली. इंग्लंडमध्ये गोरगरीब व मुले घरोघर जात, ‘सोल केक’ नावाची छोटी भाकरी घेत आणि त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. आपल्याकडील पितृपक्षातील अन्नदानाची आठवण व्हावी, असाच हा व्यवहार.

४/ १५१७ साली याच पूर्वसंध्येची तारीख घालून मार्टिन ल्यूथरने आपली ९५ प्रमेये मांडली. पुढे प्रोटेस्टंटांनी मृतांसाठीच्या प्रार्थनेचा धर्माधारच नाकारला. प्रथा उरली, तिचा अर्थ मात्र विरला.

५/ एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांनी ती अमेरिकेत नेली. सलगमाच्या कंदिलाची जागा भोपळ्याने घेतली. पोरांचा दंगा आवरण्यासाठी खाऊ देण्याची रीत विसाव्या शतकात पसरली.

६/ १९५० साली फिलाडेल्फियातील एका प्रेस्बिटेरियन पाद्री दांपत्याने मुलांना खाऊऐवजी युनिसेफसाठी नाणी मागायला शिकवले. पहिली जमा १७ डॉलर. चर्चने दिलेला हा पर्याय दारे बंद करणारा नव्हता.

७/ मग भीती आली. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा हॅलोविनच्या गोळीतील सायनाइडने दगावला. मारेकरी कोणी अनोळखी नव्हता. विम्याच्या पैशांसाठी खुद्द बापानेच विष दिले होते, आणि तो चर्चचा डीकन होता. १९८२ मध्ये शिकागोत विषारी टायलेनॉलने सात जण मेले आणि भीती घट्ट झाली.

८/ समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा बातम्या वर्षानुवर्षे तपासल्या. अनोळखी शेजाऱ्याने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही सिद्ध घटना त्यांना आढळली नाही.

९/ दुसरी भीती श्रद्धेची होती. भुते-चेटकिणींचा खेळ मुलांच्या मनावर काय बिंबवील? काही इव्हँजेलिकल मंडळींनी भयालाच धर्मोपदेशाचे साधन केले. १९७२ पासूनचे ‘स्केअरमेअर’ हे त्याचे उदाहरण. इतरांनी सुगीचे उत्सव भरवले, ब्रिटनमध्ये ‘लाइट पार्टी’ आल्या. १९९०च्या दशकापासून डिक्यांचा हा मेळा फोफावला.

१०/ त्या रात्रीचा खरा धोका रस्त्यावरच्या वाहनांचा. या दृष्टीने, जिथे मोटारी उभ्याच आहेत असे वाहनतळ लहानग्यांसाठी खरोखर अधिक सुरक्षित. कारण चुकीचे मानले गेले, तरी उपाय निरुपयोगी ठरला नाही.

११/ पण एक गोष्ट हरवली. ज्या प्रथेने परक्याच्या दारात उभे राहून त्याच्या मृतांची विचारपूस करायला शिकवले, ती आता ओळखीच्यांच्या कुंपणात आली. मुलाचा हात धरून त्या मेळ्यात अवश्य जावे. परतताना शेजारच्या एका तरी दारावर थाप द्यावी.

(समाप्त)