हाली, कलदार आणि आपला देश

मंडळी, सोयगावचे पाणी उत्तरेकडे वाहते. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेला हा मुलूख. इथल्या ओढ्यानाल्यांचे पाणी खानदेशात उतरते आणि पुढे तापीला मिळते. बाजारहाटाची वाटही तिकडचीच, शेंदुर्णी-पाचोऱ्याची. सरकारदरबार मात्र 1948 पर्यंत डोंगरापलीकडे, दूर हैदराबादेस होता. शेंदुर्णी इंग्रजी मुलखात, सोयगाव निजामी मुलखात. मधे ना डोंगर, ना मोठी नदी. कपाशी तीच, बोली तीच, सोयरिकीही दोन्हीकडे.

मग ह्या माणसाचा देश कोणता?

आज शाळेतल्या पोराला हा प्रश्न विचारला तर ते हसेल. पण त्याच्या पणजोबाला विचारला असता, तर तो क्षणभर घोटाळला असता. त्याच्या कनवटीला दोन तऱ्हेचे रुपये असत. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असे. माल इकडून तिकडे नेताना करोडगिरीचा नाका लागे. गाडी थांबवायची, झडती द्यायची, जकात मोजायची. टपालाची तिकिटे वेगळी. कागदावरचे सालसुद्धा वेगळे, फसली! सरहद्द नकाशावर नसते हो, ती अशी कनवटीला आणि गाडीच्या जुवाला लागते.

असे फक्त आपल्याकडेच झाले असे समजू नका. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी 1776 साली इंग्लंडशी नाते तोडले, पण त्यामुळे एका रात्रीत ‘अमेरिकन’ माणूस काही तयार झाला नाही. व्हर्जिनियाचा गृहस्थ ‘माझा देश’ म्हणे, तेव्हा त्याच्या मनात व्हर्जिनियाच असे. एक राज्य शेजारच्या राज्याच्या मालावर जकात बसवी. 1787 साली नवी राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा ह्या भानगडी मिटण्याची वाट मोकळी झाली. आणि शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. नोआ वेब्स्टर नावाच्या मास्तरने 1783 साली मुलांसाठी शब्दलेखनाचे पुस्तक काढले. आपल्या मुलांनी लंडनच्या तोंडाकडे का पाहावे, हा त्याचा सवाल. तेच पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या तिथली पोरे गिरवीत राहिली.

आपल्याकडेही गाडी भाषेपाशीच येऊन थांबते. निजामी राज्यात बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी नि कानडी बोलणारी, पण कचेरीचा कारभार उर्दूत. खालचे वर्ग मराठीत शिकता येत. वर चढावे तसतशी उर्दू. न्यायाने बोलायचे तर 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण दिले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. दोष उर्दूचा नाही. ती फार थोड्यांच्या घरची भाषा होती, दुखणे ते होते.

1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी बोलणारी माणसे प्रथमच आपल्या गाऱ्हाण्यांसाठी एकत्र बसली. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि निघते तोच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर काढले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. विचार करा, निजामाच्या मुलखातली पोरे नागपुरास गेली आणि तिथे परकी ठरली नाहीत. कुठल्याही भाषणापेक्षा हा धडा मोठा होता.

15 ऑगस्ट 1947 उजाडला. पलीकडे तिरंगा चढला, अलीकडे तो लावणे गुन्हा. त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मग मनमाडसारख्या ठिकाणी भारताच्या हद्दीत कॅंप उभे राहिले. त्या तरुणांनी ज्यांवर घाव घातले त्यांत करोडगिरीची नाकी होतीच. ह्या लढ्याला हिंदू-मुसलमानांचे भांडण म्हणणाऱ्यांनी ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान आठवावेत. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे त्यांनी लिहिले आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांना ठार मारण्यात आले.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा आत शिरल्या. 17 तारखेला निजामाने रेडिओवरून लढाई थांबवल्याचे सांगितले. आधी रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. नंतरच्या दिवसांत सूड उगवला तो अनेक निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा ह्या जिल्ह्यांत तो फार झाला, असे सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीला आढळले. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे क्वचितच येते. ज्याला आपण आपला देश म्हणायला शिकत होतो, त्यात शेजाऱ्याची जागा कोणती, हा प्रश्न त्याच महिन्यात उभा राहिला होता.

पुढचे काम निमूट झाले. 1952 साली साऱ्या प्रौढ रयतेने मत टाकले. 1950च्या दशकात हाली गेला. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. सोयगाव आणि शेंदुर्णी जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी एका राज्यात नांदू लागली. खानदेश इंग्रजांकडे गेला होता 1818 साली.

शिक्षकहो, एवढे करून पाहा. पोरांना घरातले जुने कागद आणायला सांगा. फसली सन दिसला की त्यात 590 मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण हाती येईल. 1357 फसली म्हणजे 1947-48. आणि एखाद्या म्हातारीच्या गाठोड्यात हाली रुपया निघालाच, तर त्याचे किती कलदार होतात, ते फळ्यावर करवून घ्या.