धूर आहे, म्हणजे भोक आहे

पूर्वपक्ष असा: चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर जोडला, 'पी ०१७१' हा कोड आला, की सेन्सर बदलायचा. गाडीनेच सांगितले म्हटल्यावर मिस्त्रीने कान लावून कशाला बसायचे?

पण गाडीने सांगितले काय? मिश्रण 'लीन' आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढेच. बिघडलेल्या भागाचे नाव त्यात नाहीच. पेट्रोलपंप थकला तरी हाच कोड, इंजेक्टर चोंदला तरी हाच, मॅनिफोल्डचे गास्केट हवा ओढू लागले तरी हाच. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. आणि शिक्षा बहुधा होते ऑक्सिजन सेन्सरला, म्हणजे ज्याने चोरी पाहिली त्या साक्षीदाराला!

निर्णयाला फुएल ट्रिम पाहावा. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखायला कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो, तो हा आकडा. मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत गास्केटमधून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेते, म्हणून ही चोरटी हवा डोईजड होते आणि ट्रिम चढतो. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा, तिचा वाटा किरकोळ होऊन ट्रिम उतरतो. सेन्सरची तार मळली असेल, तर तो भाराबरोबर चढतच जातो. (थ्रॉटलआधीच्या रबरी बूटाची चीर मात्र हा नियम मानत नाही, इंजिन हलले की ती उघडते.)

कोणी म्हणेल, आमच्या गाडीला मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे. मग तर कोडवरचा विश्वास आणखीच धोक्याचा. तिथे शिरलेल्या हवेने दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या मानाने पेट्रोल देतो, आयडलिंग चढते आणि कोड येतही नाही. शिवाय इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: मुंबईत सुमारे १००, महाबळेश्वरात सुमारे ८६ किलोपास्कल. वरचे ८६ पाहून तो बदलणाऱ्याने घाटाचीच दुरुस्ती केली म्हणायची.

डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे, हे तर्कशास्त्राचे जुने उदाहरण. गॅरेजात ते फिरवून घ्यावे लागते: इंजिन बंद करायचे, फिल्टरकडचे तोंड बुजवायचे, हलक्या दाबाने आत धूर सोडायचा. तो जिथून बाहेर येईल तिथे बॅटरी मारून पाहा. अनेकदा हाती लागते ती वीतभर रबरी नळी.